'डिक्टेशन'ला मराठीत काय म्हणावं? श्रुतलेखन, उक्तलेखन की आणखी काही?

प्रश्न

संगणकावर बोलून मजकूर लिहिण्याची सोय कशी सुरू करायची, याची छोटी पुस्तिका मराठीत लिहितो आहे. ज्यांचे हात दुखतात किंवा ज्यांना कळफलकावरची अक्षरं नीट दिसत नाहीत, त्यांच्यासाठी. पायऱ्या लिहून झाल्या, पण नावापाशी अडलोय. विंडोज ११ मध्ये विंडोजची कळ धरून 'एच' दाबलं की एक छोटी पट्टी उघडते. आपण बोलतो आणि कर्सर असेल तिथे अक्षरं उमटतात. या सोयीला काय म्हणू? 'श्रुतलेखन' म्हटलं की मला वर्गात बाई शब्द सांगताहेत आणि आम्ही वहीत लिहितोय असंच दिसतं.

प्रतिसाद

श्रुतलेखनच म्हणा. श्रुत म्हणजे ऐकलेलं, ऐकलेल्याचं लेखन ते श्रुतलेखन. संगणक नेमकं तेच करतो. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या, बोललेलं हिंदी लिहून काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं नावही 'श्रुतलेखन-राजभाषा' होतं. टंकलेखन, लघुलेखन या ओळीत तो शब्द सहज बसतो. रुळलेला शब्द असताना नवा कशाला घडवायचा?

प्रश्नकर्ता

शब्द चांगला आहे हे मान्य. पण कर्ता कोण, तिथे घोटाळा होतो. मसुदा एका ज्येष्ठ ओळखीच्या बाईंना वाचायला दिला होता. 'आता श्रुतलेखन सुरू करा' हे वाक्य वाचून त्यांनी वही-पेन जवळ घेतलं आणि संगणक काय सांगतोय याची वाट बघत बसल्या. त्यांचं काहीच चुकलं नाही. श्रुतलेखन करणारा तो ऐकणारा. माझ्या पुस्तिकेचा वाचक तर बोलणारा आहे.

प्रतिसाद

मग 'उक्तलेखन' घ्या. उक्त म्हणजे बोललेलं. बोलणाऱ्याची बाजू त्यात येते.

प्रतिसाद

उक्तलेखन व्याकरणाने निर्दोष आहे, पण हात दुखणारा माणूस ते वाचून काय समजेल? मला वाटतं आपण नामाच्या मागे लागलोय म्हणून वाट सापडत नाही. क्रियापदं बघा. मराठीत एकजण मजकूर सांगतो, दुसरा तो उतरवून घेतो. 'मी सांगतो, तू लिही' हे वाक्य कोणाला समजावून द्यावं लागत नाही. शिवाय प्रयोजक रूप आहेच: लिहवणं, लिहवून घेणं. सांगणारा आणि लिहिणारा वेगळे आहेत हे त्या एका रूपातच येतं.

लिहून घेणाऱ्यालाही आपल्याकडे शब्द आहे, लेखनिक. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेत मिळतो तो लेखनिकच. जुन्या मराठीत 'लेखक' हा शब्दही या अर्थाने येतो. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ चा उल्लेख आहे, तिथे टीका (म्हणजे गीतेचं विवरण) केली ज्ञानेश्वरांनी आणि 'लेखकु' झाले सच्चिदानंदबाबा. म्हणजे रचणारा एक आणि लेखक दुसरा, यात त्या काळी काही विसंगत नव्हतं. तुमच्या पुस्तिकेत संगणकाला लेखनिक म्हटलंत तर वाचकाची जागा आपोआप ठरेल: सांगणारा तो, उतरवून घेणारं यंत्र.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. एक वेगळी चूक मात्र टाळा. बऱ्याच ठिकाणी या तंत्राला 'आवाज ओळखणं' लिहितात. फोनवर 'आवाज ओळखलास का?' असं विचारतो तेव्हा आपण 'मी कोण?' असं विचारत असतो. कोण बोलतंय हे ओळखणं वेगळं आणि काय बोललं हे ओळखणं वेगळं. पहिलं कुलपासारखं वापरतात, दुसरं लिहिण्यासाठी. इथे 'उच्चार ओळखणं' किंवा सरळ 'बोलणं ओळखणं' हवं. आपलाच आवाज यंत्राला कळतो अशी समजूत झाली, तर घरातलं दुसरं माणूस ती सोय वापरून बघायलाही कचरेल.

ही गल्लत पूर्वी थोडी समजण्यासारखी होती. १९९७ मध्ये 'ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग' हे बोललेलं लिहून घेणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा आधी एक उतारा वाचून दाखवून प्रोग्रामला आपल्या आवाजाची सवय करून द्यावी लागे. त्याआधीच्या 'ड्रॅगनडिक्टेट'मध्ये तर प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागायचं. आता तसं काही लागत नाही.

प्रतिसाद

मायक्रोफोनला 'ध्वनिक्षेपक' लिहिलं असेल तर बदला. क्षेपक म्हणजे फेकणारा, तो लाउडस्पीकर झाला. माइक ध्वनी घेतो, म्हणून ध्वनिग्राहक. पुस्तिकेत मात्र 'माइक' पुरे. सेटिंग्जमध्ये माइकची परवानगी द्यायची असते, ती पायरी सुरुवातीलाच घ्या. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. आणि विंडोजच्या या पट्टीला इंटरनेट लागतं, हेही लिहा.

प्रश्नकर्ता

दोन्ही गोष्टी घेतल्या. विरामचिन्हांचं काय करावं? गूगल डॉक्समध्ये २०१७ पासून मराठी बोलून लिहिता येतं. पण मी 'पूर्णविराम' म्हटलं की टिंब येत नाही, 'पूर्णविराम' हा शब्दच उमटतो.

प्रतिसाद

तिथे 'चिन्ह उच्चारणे' असा शब्दप्रयोग करू नका, वाचक उच्चारत बसेल. 'विरामचिन्हं नंतर हाताने घाला' एवढं पुरे. ऱ्हस्व-दीर्घाबद्दलही एक ओळ हवी. 'दिन' आणि 'दीन' कानाला जवळजवळ सारखेच, यंत्र आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं. शाळेतल्या श्रुतलेखनात मुलांच्या चुका तपासायच्या असत, तशा इथे यंत्राच्या तपासायच्या.

प्रश्नकर्ता

मसुदा बदलला. शीर्षक 'बोलून लिहा'. 'श्रुतलेखन' एकदाच, पहिल्या पानावर, 'या सोयीला श्रुतलेखन किंवा व्हॉइस टायपिंग असंही म्हणतात' एवढ्यापुरतं, म्हणजे दुसरीकडे तो शब्द दिसला तर वाचक बिचकणार नाही. पायरी आता अशी आहे: 'जिथे लिहायचं तिथे क्लिक करा. विंडोजची कळ धरून एच दाबा. माइकचं चित्र दिसलं की मजकूर सांगायला लागा, संगणक उतरवून घेईल.' त्याच बाईंना पुन्हा दिला. या वेळी त्यांनी वही मागितली नाही, बहिणीला लिहायचं पत्र सांगायला घेतलं.