मदत हवी आहे: क्रूझवर मोबाईल आणि इंटरनेट (सोबत द्राक्षबागेची काळजी करणारे सासरे)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात आम्ही घरचे सगळे सिंगापूर-पेनांग-फुकेत अशी क्रूझ करतोय. तिकिटं झाली, मुलांनी जहाजावरच्या घसरगुंड्यांचे व्हिडिओ बघून डोकं उठवलंय. अडलंय ते सासऱ्यांपाशी. नाना म्हणतात, "फोन लागत नसेल तर मी येत नाही. तुम्ही जाऊन या."

आणि त्यांचं चुकत नाहीये. पिंपळगाव बसवंतजवळ आमची बाग आहे. छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आम्ही जहाजावर असताना बाग बरोबर फुलोऱ्यात. त्या दिवसांत एक पाऊस पडला, नुसतं दोन दिवस ढगाळ राहिलं तरी डाऊनी (पानांवरची बुरशी) आणि घडकुजीची भीती. पानाचा खालच्या बाजूने फोटो काढून सल्लागाराला पाठवायचा, तो सांगेल ते त्याच संध्याकाळी फवारायचं, अशी घाई असते. घरी पुतण्या असेल, पण निर्णय नानांचाच लागतो.

ट्रॅव्हल एजंट म्हणतो, "इंटरनॅशनल रोमिंग पॅक मारा, सगळं चालतं." माझा विश्वास बसत नाही. जहाजाचं वायफाय माणशी आणि दिवसाला विकतात असं दिसतंय, म्हणजे सगळ्यांचं घ्यायचं का? नानांच्या नंबरवरून विहिरीवरची मोटर चालू-बंद होते (मोबाईल स्टार्टर आहे), त्याचं काय करायचं? मजुरांचे पैसे पाठवायला ओटीपी लागतो, तो समुद्रात येतो का? जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.

सिडकोवाला

सुट्टीला जाताय ना? फोन तिजोरीत ठेवा आणि डेकवर जाऊन बसा. बाग कुठे पळून जात नाही.

गोदाकाठची

तुमची बाग नाही ना भाऊ.

दर्यावर्दी

ताई, माझी नोकरी जहाजांवर इलेक्ट्रिकल खात्यात गेली, आता इंदिरानगरला असतो. एजंटचं बोलणं अर्धं खरं आहे. लोकांना बिलं येतात ती उरलेल्या अर्ध्यामुळे.

जहाजावर फोनला दोन वाटा असतात आणि त्या एकमेकींत मिसळल्या की घोळ होतो. पहिली वाट म्हणजे जहाजाचा स्वतःचा मोबाईल टॉवर. किनाऱ्यापासून साधारण १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटर बाहेर गेलं की तो चालू करतात, बंदराजवळ आलं की बंद. फोनवर 'सेल्युलर ॲट सी' किंवा 'टेलिनॉर मेरिटाइम' असं नाव दिसतं, कधी नुसता ९०१-१८ किंवा ९०१-१२ असा आकडा. भारतातल्या नेटवर्कचा आकडा ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो, सिंगापूरचा ५२५ ने. ९०१ मात्र कुठल्याच देशाचा नाही. तुमचा पॅक सिंगापूर, मलेशिया, थायलंड अशा देशांचा असणार. जहाजाचा टॉवर त्यात कुठेच बसत नाही, म्हणून पॅक असूनही वेगळा दर लागतो आणि तो साधा रोमिंग दर नसतो. कॉल आधी उपग्रहावर जातो, मग खाली येतो, त्याचे पैसे. आलेला कॉल उचलला तरी मीटर पडतो. काही कंपन्या जहाजासाठी स्वतंत्र पॅक देतात, पण यादीत देशांबरोबर 'क्रूझ' किंवा 'मेरिटाइम' लिहिलेलं आणि तुमच्या जहाजाचं नेटवर्क नावानिशी दिसलं तरच घ्या. एजंटच्या तोंडी हमीवर घेऊ नका.

दुसरी वाट जहाजाचं वायफाय. त्याला सिमशी देणंघेणं नाही. विमानात चढताना फोन एअरप्लेन मोडला टाकता तसा जहाजावर चढतानाच टाकायचा आणि मग फक्त वायफाय चालू करायचं. व्हॉट्सॲप तुमच्या नेहमीच्या नंबरावर, कॉलसकट चालतं. नुसतं 'डेटा रोमिंग बंद' करून भागत नाही, कारण साधे कॉल येतच राहतात आणि नाना सवयीने उचलणार.

तुमच्या मार्गावर आणखी एक भानगड आहे. सिंगापूरची सामुद्रधुनी अगदी अरुंद, पलीकडे इंडोनेशियाचं बाताम बेट दिसतं. तिथून निघताना फोन कधी सिंगापूर, कधी मलेशिया, कधी इंडोनेशियाचा टॉवर पकडतो. पॅकमध्ये इंडोनेशिया नसेल तर त्या थोड्या वेळाचेही पैसे पडू शकतात. म्हणून एअरप्लेन मोड बंदरातच, जहाज हलायच्या आधी.

कॉलेजरोड

दर्यावर्दी काकांनी मुद्द्याचं सांगितलं. आम्ही गेल्या वर्षी याच मार्गावर गेलो होतो, म्हणून वायफायबद्दल लिहितो.

पॅकेज बहुतेक ठिकाणी फोनमागे असतं, माणसामागे नाही. एका डिव्हाइसचं घेतलं तर एका वेळी एकच फोन चालतो, पण एकातून लॉगआउट करून दुसऱ्यात लॉगिन करता येतं. आम्ही दोघांत एक घेतलं आणि आळीपाळीने वापरलं. तुम्ही नानांना एक आणि बाकी सगळ्यांत एक असं करा. मुलांना देऊच नका, नाहीतर तुमची पाळी येणार नाही. दर जहाजागणिक वेगळे, दिवसाला साधारण १५ ते ३० डॉलर धरून चला. घरून आधी घेतलं तर स्वस्त पडतं. त्यासाठी कार्डावर 'आंतरराष्ट्रीय व्यवहार' आधी चालू करून घ्या, आपल्याकडे ते मुळात बंद असतं.

स्वस्त पॅकेज फक्त मेसेजपुरतं असेल तर त्यात फोटो जाईल का, व्हिडिओ कॉल होईल का, हे वाचून घ्या. तुम्हाला पानांचे फोटो आणि बहुधा बागेतून व्हिडिओ कॉल लागणार, तेव्हा वरचंच घ्यावं लागेल. आणि घरी असतानाच व्हॉट्सॲपवर फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं आणि फोटोंचा बॅकअप बंद करा. नानांच्या फोनवर द्राक्षवाल्यांचे ग्रुप किती असतील याची कल्पना आहे मला.

पैसे न भरताही जहाजाचं स्वतःचं ॲप वायफायवर चालतं. आजचे कार्यक्रम, जेवणाच्या वेळा सगळं त्यात. काही जहाजांवर त्यातच एकमेकांना चॅट करता येतं, कुठे फुकट, कुठे थोडे पैसे. आणि एका केबिनमधून दुसऱ्या केबिनमध्ये लँडलाइन फुकट, ते लोक विसरतात.

गोदाकाठची

खूप धन्यवाद दोघांना. वायफायचा वेग कसा असतो? व्हिडिओ कॉलवर पानावरचा डाग दिसेल इतका?

दर्यावर्दी

आता बऱ्यापैकी. माझ्या वेळी सगळं भूस्थिर उपग्रहावर, तो वर सुमारे ३६ हजार किलोमीटर. "हॅलो" म्हटलं की पलीकडचं "हॅलो" येईपर्यंत अर्धा सेकंद सहज जायचा आणि दोघं एकदम बोलायचे. आता स्टारलिंकसारखे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात, त्यामुळे तो उशीर जाणवत नाही. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने ऑगस्ट २०२२ मध्येच आपल्या ताफ्यावर ते बसवायचं जाहीर केलं होतं. तुमचं जहाज कोणतं आणि त्यावर काय आहे ते कंपनीच्या साइटवर बघा.

तरीही ती एकच जोडणी काही हजार लोकांत वाटली जाते. दिवसभर समुद्रात असलं की संध्याकाळी सगळे फोनवर, तेव्हा रडतं. बंदरात लोक उतरलेले असताना किंवा भल्या पहाटे पळतं. जहाजावर सिंगापूरची वेळ असेल, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. पुतण्या नाशिकच्या सकाळी साडेसहाला बागेत फिरला तर जहाजावर नऊ वाजलेले असतील. डागासाठी व्हिडिओवर भिस्त ठेवू नका, फोटो काढून पाठवायला सांगा, तोच स्पष्ट दिसतो. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, सिग्नल कमी वाटला तर दार उघडा नाहीतर कॉरिडॉरमध्ये या.

सातपूर_एमआयडीसी

एवढी काळजी आहे तर सॅटेलाइट फोन भाड्याने घ्या की. थेट कॉल.

दर्यावर्दी

अजिबात नको! भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन जवळ बाळगणं बेकायदा आहे. मुंबई विमानतळावर बॅगेत सापडला तर क्रूझ राहील बाजूला आणि पोलीस ठाण्याच्या चकरा सुरू होतील.

पिंपळगावकर

वहिनी, मी तुमच्याच बाजूचा, माझीही बाग आहे. वायफायचं वर सांगितलं ते सगळं बरोबर, पण मोटर वायफायवर चालू होणार नाही. आपल्याकडच्या स्टार्टरमध्ये सिम असतं. त्यात नोंदवलेल्या नंबरवरून साधा फोन लागला तरच तो ऐकतो. व्हॉट्सॲप कॉल त्याला लावता येत नाही. नानांनी जहाजाच्या टॉवरवरून लावला तर लागेल, पण मोटर चालू, मोटर बंद, लाईट गेली म्हणून परत चालू, असे दिवसाचे कॉल मोजा आणि त्याला तो दर लावा.

सोपं आहे. बहुतेक स्टार्टरमध्ये एकापेक्षा जास्त नंबर नोंदवता येतात. निघायच्या आधी पुतण्याचा नंबर टाका आणि नानांसमोर त्याच्याकडून दोन-चार वेळा चालवून घ्या. नानांनी व्हॉट्सॲपवर सांगायचं, पुतण्याने कॉल लावायचा.

फवारणीचंही तसंच. फुलोऱ्यात कोणत्या परिस्थितीत काय मारायचं हे सल्लागाराकडून आधीच लिहून घ्या आणि औषधं आणून ठेवा. जहाजाचं वायफाय दोन तास बसलं तरी पोरगा थांबून राहणार नाही. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला आठवड्याला येतो, तोही त्याला वाचायला लावा. नाना नाहीत म्हणून त्याला जरा निर्णय घेऊ द्या, कधीतरी घ्यायचेच आहेत.

कॉलेजरोड

ओटीपीचं राहिलं. एअरप्लेन मोडमध्ये एसएमएस येत नाही, म्हणजे ओटीपी नाही. पेनांग आणि फुकेतला उतरल्यावर रोमिंगवर येतील, तेवढ्या वेळात व्यवहार उरकता येतो. पण मजुरांचे पैसे त्यावर सोडू नका. आठवड्याचं जे असेल ते पुतण्याकडे रोख द्या किंवा त्याच्या खात्यावर आधी टाका. जहाजावरचा खर्च केबिनच्या कार्डावर लिहिला जातो, तिथे ओटीपीचा प्रश्न येत नाही. आणि निघायच्या आठवड्यात नानांना नवा फोन घेऊन देऊ नका, व्हॉट्सॲप पुन्हा सुरू करायलाही सहसा एसएमएसच लागतो.

दर्यावर्दी

सगळ्यात चांगलं म्हणजे घरीच चाचणी घ्या. एक दिवस नानांचा फोन सकाळपासून एअरप्लेन मोडवर टाका, वरून घरचं वायफाय चालू. रात्रीपर्यंत जे जे अडेल ते जहाजावरही अडणार. फक्त 'वायफाय कॉलिंग' बंद करून ठेवा, नाहीतर घरच्या वायफायवर साधे कॉल लागतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

गोदाकाठची

काल केली चाचणी. नाना दिवसभर फुरंगटून बसले होते, पण झाली.

व्हॉट्सॲप, व्हिडिओ कॉल, बाजारभावाचे ग्रुप सगळं चाललं. मोटर अर्थातच नाही. पण एक भलतंच सापडलं. बागेतल्या हवामान यंत्राचे इशारे ॲपवर येतात असं आम्ही धरून चाललो होतो. ते येतात एसएमएसने! 'पाने ओली, रोगाचा धोका' असा मेसेज दुपारी येऊन पडला होता, तो रात्री एअरप्लेन मोड काढल्यावर दिसला. जहाजावर हे कळलंच नसतं.

पिंपळगावकर

यंत्रवाल्यांना फोन करून पुतण्याचा नंबरही इशाऱ्यांना जोडून घ्या. ॲप असेल तर त्यात नोटिफिकेशनची सोय आहे का तेही विचारा, बऱ्याचदा असते आणि कोणी चालू केलेली नसते.

गोदाकाठची

हो, आजच केलं. ॲपमध्ये सोय होती. नाना आता येतो म्हणालेत, पण फुकेतला उतरणार नाहीत, जहाज रिकामं असताना वायफाय पळतं हे त्यांनी वाचलंय. आम्ही उतरणार. तिथे फोनबाबत अजून काही लक्षात ठेवायचं?

कॉलेजरोड

हो, आणि हे महत्त्वाचं. थायलंड सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे. आमचं जहाज फुकेतलाही सिंगापूरच्या वेळेवरच होतं, तुमचंही तसंच असेल तर रोमिंग चालू होताच फोनचं घड्याळ आपोआप तासभर मागे जाईल. परत यायची वेळ चार असेल आणि तुम्ही फोनवर साडेतीन बघून निवांत शहाळं पीत असाल, तेव्हा जहाजावर साडेचार झालेले असतात. सेटिंगमध्ये 'आपोआप वेळ' बंद करा आणि जहाजाची वेळ हाताने लावा. जहाज कोणत्या वेळेवर आहे ते आदल्या रात्रीच्या पत्रकात किंवा ॲपमध्ये असतं. फुकेतच्या पातोंग किनाऱ्याला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रात उभं राहतं आणि छोट्या बोटींनी ने-आण होते. शेवटच्या बोटीची वेळ जहाज सुटायच्या बरीच आधी असते, तीच लक्षात ठेवा. आणि जहाजाच्या बंदरातल्या एजंटचा नंबर त्याच पत्रकात छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा, कारण एकदा उतरलात की जहाजाचं वायफाय आणि ॲप दोन्ही तुमच्याबरोबर येत नाहीत.

गोदाकाठची

शहाळं नक्की पिणार, घड्याळ बघून. पत्रकाचा फोटो नवऱ्याच्या फोनवरही ठेवते. यंत्रवाल्यांचा परत फोन आला की इथे लिहीन, ॲपचा इशारा किती वेळाने येतो ते त्यांना विचारलंय.