टेलोमिअर आखूड झाले की पेशी म्हातारी होते, हे कितपत खरे?

प्रश्न : गुणसूत्रांच्या टोकांचे टेलोमिअर प्रत्येक विभाजनागणिक झिजतात, असे वाचले. डीएनएची नक्कल इतकी चोख होत असताना नेमकी टोकेच का अपुरी राहतात?

उत्तर १ : नक्कल करणारे पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) स्वतःहून सुरुवात करू शकत नाही; त्याला आरएनएचा छोटा तुकडा आधाराला लागतो, आणि अगदी टोकाचा तुकडा काढल्यावर राहिलेली रिकामी जागा भरून काढण्यासाठी पलीकडे काहीच नसते. माणसात तिथे टीटीएजीजीजी हीच सहा अक्षरे हजारो वेळा पुन्हापुन्हा येतात, म्हणून झीज त्यांची होते, जनुकांची नव्हे.

उत्तर २ : जीवशास्त्रज्ञ लिओनार्ड हेफ्लिक यांना १९६१ मध्ये मानवी पेशी सुमारे ५० विभाजनांनंतर थांबताना दिसल्या, त्यामागे हेच कारण होते. फार आखूड झालेले टोक पेशीला तुटलेल्या डीएनएसारखे भासते आणि पी५३ हे प्रथिन विभाजन रोखते. अशी पेशी मरत नाही, दाह वाढवणारी द्रव्ये स्रवत राहते. वार्धक्याच्या दृष्टीने मला हाच भाग अधिक गंभीर वाटतो.

उत्तर ३ : मात्र मेंदूतील बहुतेक चेतापेशी विभाजित होत नाहीत, तरीही त्या वृद्ध होतात, सगळा दोष टेलोमिअरच्या माथी मारू नये. टोके लांबवणारे टेलोमरेज हे विकर वाढवण्याच्या दाव्यांपासूनही कृपया सावध राहा, कारण बहुतांश कर्करोगांतील पेशी त्याच्याच बळावर अमर्याद वाढतात.