मुलगा जागेवर बसतच नाही, कुणाला दाखवू?

दुसरीची_आई:
मुलगा सात वर्षांचा. जेवताना एक पाय ताटाखाली, दुसरा भिंतीवर. पाढे खाटेवर उड्या मारत म्हणतो, आणि चुकतही नाही! डायरीत बाईंचा शेरा ठरलेला, 'जागेवर बसत नाही'. सासूबाई म्हणतात साखर बंद कर, मैत्रीण म्हणते एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) असेल. झोपतो मात्र गाढ, मोठ्या माणसासारखा घोरतो.

साधा_माणूस:
आमच्या वेळी दोन रट्टे बसले की सगळे गप्प बसायचे.

खडू_फळा:
रट्टे खाल्लेलं पोर बसतं हो, पण त्याचं सगळं लक्ष न हलण्यात जातं. पाढा कुठून येणार?

ताई, मी झेडपीच्या शाळेत पहिली-दुसरीलाच शिकवतो. साखरेचं सोडा, संशोधकांनी मुलांना साखर देऊन आणि न देता तपासलंय, वागण्यात फरक आढळला नाही. मला खटकलं ते घोरणं. झोप नीट झाली नाही की आपण पेंगतो, लहान मुलं उलट जास्त उधळतात. माझ्या वर्गात असाच एक होता. तोंड कायम उघडं, ओठ फुटलेले, बाकावर गुडघे टेकून लिहायचा. नाकामागच्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठी वाढलेल्या निघाल्या. ऑपरेशननंतर काही अगदी शांत झाला नाही, पण फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत टिकायला लागला.

तेव्हा आधी कान-नाक-घसावाले. मुलांच्या डॉक्टरांना रक्तातलं लोह आणि जंतांचंही विचारा. जंतांमुळे रात्री शौचाच्या जागी खाज येते. पोर लाजेनं बोलत नाही, नुसतं वळवळतं.

एडीएचडी एका शेऱ्यावर ठरत नाही. लक्षणं १२ वर्षांच्या आत सुरू झालेली, घरी आणि शाळेत दोन्हीकडे, निदान ६ महिने दिसावी लागतात. पाढे येतात म्हणून ते नाहीच, असंही धरू नका.

ओटी_ताई:
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे बसणं-लिहिणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणारी. खुर्चीत पाय लोंबकळतात का बघा, खाली पाट ठेवा. पाठ-पोटाचे स्नायू कच्चे असले की ताठ बसण्यातच मूल दमतं, मग सारखं हलतं. अभ्यासाआधी कणीक तिंबायला द्या, बादली उचलायला लावा.

दुसरीची_आई:
पाय लोंबकळतातच! आणि सकाळी उशी लाळेनं ओली असते, ते मी कधी मनावरच घेतलं नव्हतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. गुरुजी, तोवर त्याला मागच्या बाकाजवळ उभं राहून लिहू द्या, हे बाईंना राग न येता कसं सांगू?