स्विफ्ट ३५ मिमी खाली करू का? रोज घोडबंदर रोड

प्रश्न (कासारवडवली): मंडळी, माझ्या २०१९ च्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची) १६३ मिमी. लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग) टाकायच्यात, शॉकअप (स्प्रिंगची उसळी आवरणारे, तेल भरलेले दांडे) कंपनीचेच ठेवून. वळणावर गाडी कलते, ते सहन होत नाही. चालेल का?

ऐरोलीकर: दादा, मी हे केलंय, म्हणून कळकळीने सांगतो. दोन महिने मजा आली. मग चौघं बसले की मागचा भाग बंप स्टॉपवर (स्प्रिंग पूर्ण दबली की टेकणारा रबरी ठोकळा) धाडकन आपटायचा. नवव्या महिन्यात पुढच्या डाव्या शॉकअपवर तेल आणि धुळीचा काळा लगदा दिसला, म्हणजे शॉकअप गळायला लागला. स्प्रिंग आखूड आणि कडक, त्यामुळे दांडा कायम आत दबलेला आणि उसळी आवरायची ताकद जुन्या शॉकअपमध्ये नाही. टाकायच्याच तर जोडीला आखूड शॉकअप घ्या.

तीन हात नाका: आणि स्प्रिंग बदलल्यावर चाकांची अलाइनमेंट लगेच करा. उंची बदलली की पुढचा टो, कँबर (चाकांचे कोन) हलतो, टायर आतल्या बाजूने झिजतो. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. गायमुखचे खड्डे आठवले. आधी शॉकअप तपासून घेतो, ८० हजार किमी झालेत.

ऐरोलीकर: बरोबर. कलणं तिथूनच असेल बहुतेक.