मदत हवी आहे : केबल बंद करून थेट सामने पाहण्याबाबत

नमस्कार मंडळी. आम्ही यावल तालुक्यातील एका खेड्यात राहतो. पावसाळ्यात केबल तुटली की ती जोडायला चार-चार दिवस कोणी येत नाही आणि पैसे मात्र पूर्ण महिन्याचे द्यावे लागतात, म्हणून केबल बंद करून क्रिकेट व प्रो कबड्डीचे सामने जिओहॉटस्टारवर पाहावेत, असा विचार आहे. केळीच्या बागेतून दमून आलेल्या वडिलांचा तेवढाच विरंगुळा आहे.

खरी अडचण इंटरनेटची आहे. गावात फायबर आलेले नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवला, तर एचडी चित्राला तासाला दीड-दोन जीबी डेटा सहज लागतो, म्हणजे रोजचा 2 जीबीचा पॅक टी-ट्वेंटीच्या एका डावालाही जेमतेम पुरतो. फैजपूर-सावदा भागात कोणी एअरफायबर (म्हणजे केबल न ओढता, मोबाईल टॉवरवरून घरात येणारे इंटरनेट) वापरत असल्यास, रात्री आठनंतर त्याचा वेग टिकतो का, हे कृपया सांगावे. तसेच खेळांच्या प्रक्षेपणाबाबतच्या 2007 च्या कायद्यामुळे राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवलेले सामने डीडी फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या मासिक शुल्क नसलेल्या छत्रीवर, दिसतात. मग ती छत्री जोडीला ठेवावी का? प्रो कबड्डीसाठी तिचा उपयोग होणार नाही, असे मला वाटते.