मदत हवी आहे: दादा गेल्यापासून घोडी चंदी (दाणा) खात नाही

नमस्कार मंडळी. आम्ही माथेरानचे. इथे मोटारगाड्यांना बंदी, त्यामुळे दस्तुरी नाक्यावरून पर्यटक घोड्यावर आणणं हाच दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, धंदा. त्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली आमची घोडी लाली आता १८ वर्षांची आहे. दादा जाऊन पाच आठवडे झाले.

तेव्हापासून तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची चंदीची पिशवी, अर्धा तसाच राहतो. पहाटे पाचला, दादांच्या खरारा करायच्या (तिचं अंग घासायच्या) वेळेला, ती कान टवकारून दाराकडे बघत असते. माझी चाहूल लागली की मान फिरवते. परवा दादांचं जुनं जाकीट घालून गेलो, तर बाहीत नाक खुपसून कितीतरी वेळ हललीच नाही. मला रडू आवरेना.

डॉक्टरांनी दात, पोट तपासलं. ताप नाही, नाडी मिनिटाला ३८, म्हणजे घोड्यासाठी ठीक. पण घोड्याचं खाणं तुटलं की पोटशुळाची भीती असते, त्याचीच काळजी वाटते.

कुणाच्या घोड्याचं असं झालंय का? जाकीट ठाणावर टांगून ठेवू, की त्याने ती आणखी झुरेल? सोबतीला दुसरी घोडी बांधू का? भाड्याला सध्या नेत नाही. विकायचा सल्ला मात्र कृपया देऊ नका.