बॅकस्लॅश-डी की [0-9]? मराठी आकड्यांचं करायचं काय

कोडकुटा: माझं मत सरळ आहे, फॉर्म तपासताना रेजेक्समध्ये (मजकूर ठरलेल्या साच्यात बसतो का हे तपासणारा पॅटर्न) बॅकस्लॅश-डी, म्हणजे 'कुठलाही एक अंक' ही खूण, लिहिणं बंद करा. पायथन ३ या प्रोग्रामिंग भाषेत तो नुसता 0 ते 9 पकडत नाही, युनिकोडमधल्या (जगभरच्या लिप्यांचा एकत्र अक्षरसंच) सगळ्या लिप्यांचे आकडे पकडतो, देवनागरी, बंगाली, अरबी, सगळं आत. त्यात बंगालीतला चार दिसायला थेट इंग्रजी 8 सारखा! परवा रिव्ह्यूला आलेला मोबाइलचा पॅटर्न बघा, आधी [6-9], म्हणजे इंग्रजी 6 ते 9 पैकी एक, आणि पुढे बॅकस्लॅश-डी नऊ वेळा. म्हणजे अख्खा नंबर मराठीत टाकला की रिजेक्ट, पण पहिला 9 इंग्रजी आणि उरलेले नऊ मराठी अशी खिचडी मात्र पास. [0-9] लिहा, विषय संपला.

आडवा स्लॅश: संपला कसला? आईच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे, ती नंबर टाकते आणि फॉर्म म्हणतो 'कृपया फक्त अंक टाका'. अहो अंकच टाकलेत ना तिने! शाळेत पहिलीपासून ९ गिरवायचा आणि मराठी ॲपमध्ये तोच चालत नाही, हा निव्वळ आळशीपणा आहे आपला.

कोडकुटा: भावना पोचल्या, पण मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये करून बघा. रेजेक्स ९ ला हो म्हणतो आणि पुढच्याच ओळीत इंट पार्स (मजकुरातून पूर्णांक काढणारं फंक्शन) एक्सेप्शन, म्हणजे एरर, फेकतो. जावात बरोबर उलटं, तिथे बॅकस्लॅश-डी डिफॉल्टला नाही म्हणतो पण पार्स-इंट ९ गपगुमान घेतो. निस्तरणार कोण?

निशाचर: दोघंही रेजेक्सलाच धरून बसलात राव. आधी मराठी आकडे इंग्रजीत बदलून घ्या, मग [0-9] लावा. आईही खूश, सर्व्हरही खूश.

आडवा स्लॅश: हेच तर म्हणतोय! एनएफकेसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारी युनिकोडची पद्धत) मारलं की झालं.

निशाचर: नाही होत, त्याने जपानी कीबोर्डचे रुंद आकडे बदलतात, देवनागरी जसेच्या तसे राहतात. आणि इंट (पूर्णांक) करून परत स्ट्रिंग (मजकूर) करू नका, ०२० चा 20 होतो, पुण्याचा एसटीडी कोड गेला. ० ते ९ चा दहा ओळींचा मॅप (कुठल्या मराठी आकड्याला कुठला इंग्रजी, ही यादी) लिहा, गुपचूप.

कोडकुटा: मॅप चालेल. बंगाली चार मी तरीही आत घेणार नाही.